पर्वती चढताना धाप लागते, मग वर बसल्यावर आपोआप थांबते. शरीरात नेमकं काय होतं?

बहुतेकांना वाटतं की ऑक्सिजन कमी पडला म्हणून धाप लागते. निरोगी माणसात तसं सहसा नसतं. पायाचे स्नायू जोरात काम करू लागले की जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो साठू नये म्हणून मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासकेंद्र श्वास वाढवतं. पायऱ्या चढायला लागलो की स्नायूंकडूनही त्याला लगेच निरोप जातो.

हृदयाचं काम तर बघण्यासारखं आहे. बसलेलं असताना ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, दमछाक होईपर्यंत चढलात तर १५ लिटर किंवा त्याहूनही जास्त. वाढलेलं रक्त पायांकडे वळतं, पोटाकडचं कमी होतं. म्हणूनच मिसळ खाऊन लगेच चढलं की पोटात गच्च वाटतं. यकृत रक्तात साखर सोडतं, घाम त्वचा गार ठेवतो.

वर मंदिरापाशी टेकल्याबरोबर मानेवर दोन बोटं ठेवून नाडी मोजा, मग एका मिनिटाने पुन्हा. माझ्या बाबांची पहिल्या महिन्यात एका मिनिटात १२ने उतरायची, रोज चढून आता २५ने उतरते. मला तर वजनकाट्यापेक्षा या आकड्याचं जास्त कौतुक वाटतं.

मात्र चढताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर तिथेच थांबा. बसूनही कमी झालं नाही तर १०८ला फोन करा.