भाव दोन, तरी फलन

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. आमच्याकडे बाजारात भरताची वांगी 60 रुपये किलो. किलोच्या आत घेतली तर 80च्या दराने, म्हणजे पाव किलोला 20. मुलगी म्हणते, एकाच मालाला दोन भाव, मग हे फलन कसं? मला समजावता येईना.
– एक वाचक, यावल

उत्तर : मुलगी भावाकडे बघतेय, म्हणून अडली. इथे आत घालायचं ते वजन आणि बाहेर येते ती द्यायची रक्कम. एका वजनाला एकच रक्कम येत असेल तर ते फलन. ती काढायला भाव दोन लागोत की दहा. वहीत असं मांडा : वजन क्ष किलो. क्ष 1पेक्षा कमी असेल तर रक्कम 80क्ष. 1 किंवा जास्त असेल तर 60क्ष.

जपायचं ते बरोबर 1 किलोवर. एका ओळीत ‘1 पर्यंत’ आणि दुसरीत ‘1 पासून’ लिहिलं, की एका किलोला 80ही येतात आणि 60ही. फलन तिथेच मोडतं. आलेखात (1, 80)वर पोकळ गोल, (1, 60)वर भरीव ठिपका. ‘एकाच तोलात’ ही अटही लिहा, नाहीतर चारदा पाव-पाव किलो घेऊन त्याच किलोचे 80 होतात.

आता तराजूकडे बघा. भरताचं वांगं अंगाने थोराड. तिनातच 900 ग्रॅम भरले. झाले 72 रुपये. त्यात 100 ग्रॅमचं एक लहान वांगं टाकलं की 60! वजन वाढलं आणि पैसे 12ने उतरले. फलनाला हे चालतं. रक्कम चढतीच हवी असा नियम नाही.

750 ग्रॅमचे 60 आणि किलोचेही 60, हेसुद्धा चालतं. अडतं ते उलट विचारल्यावर : 60 रुपयांत वांगी किती? उत्तरं दोन. म्हणून वजनावरून रक्कम हे फलन आहे, रकमेवरून वजन हे नाही. मुलीला 72 रुपये देऊन करायला सांगा. 900 ग्रॅम आणि 1 किलो 200 ग्रॅम, दोन्ही यायला हवेत.

घरगुती वीजबिलात अशी उडी नसते, कारण पहिल्या 100 युनिटांचा दर तोच राहतो, वाढीव दर 101व्या युनिटापासून लागतो. वांगी तशी विकली, पहिला किलो 80ने आणि पुढचं 60ने, तर दीड किलोचे 110 होतील. आलेखाची रेघ 1 किलोवर वाकेल, तुटणार नाही. आणि 60 रुपयांत 750 ग्रॅमच मिळतील.