दाखल्यावर ‘हिंदू जैन’ आहे, मग कायद्याने आम्ही हिंदू की अल्पसंख्याक?

तुमचा प्रश्न असा: घर शिरोळ तालुक्यातलं, समाज चतुर्थ जैन (चतुर्थ ही जैनांतली एक जात). तीन पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर ‘हिंदू जैन’ अशीच नोंद. मुलगी आता कोल्हापुरात बारावीला आहे, पुढं इंजिनिअरिंगला जाणार. एक जण सांगतो धर्म दुरुस्त करून घ्या, दुसरा म्हणतो तसं केलंत तर वडिलोपार्जित जमिनीच्या वारसात घोळ होईल.

तुमचा धर्म जैन आहे, तुम्ही अल्पसंख्याक आहात आणि तरीही लग्न, वारसा, दत्तक याबाबतीत तुम्हाला हिंदू कायदाच लागू आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गोंधळ होतो तो ‘हिंदू’ हा शब्द कायद्यात दोन वेगळ्या अर्थांनी आल्यामुळं.

जमिनीची भीती आधी घालवू. हिंदू विवाह कायदा १९५५चा. वारसा, दत्तक व पोटगी आणि अज्ञान व पालकत्व हे तीन कायदे १९५६चे. विवाह, वारसा आणि दत्तक कायद्यांच्या कलम २ मध्ये, तर पालकत्व कायद्याच्या कलम ३ मध्ये, बौद्ध, जैन आणि शीख यांना ते लागू असल्याचं लिहिलं आहे. त्या-त्या कलमाचं पोटकलम ३ तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तरच आहे: धर्माने हिंदू नसली तरी ज्या व्यक्तीला हा कायदा लागू होतो, ती या कायद्यापुरती ‘हिंदू’ या शब्दात धरायची. म्हणजे जैन धर्माने हिंदू नसू शकतात हे कायद्याने गृहीत धरलंय आणि तरीही वारसाचे नियम तेच ठेवलेत. दाखल्यावर ‘जैन’ झालं म्हणून सातबाऱ्यावरचं एकही नाव हलत नाही. एकत्र कुटुंबाची मिळकत तशीच राहते, आणि २००५च्या दुरुस्तीने मुलीला मिळालेला मुलाइतकाच हक्कही.

हा घोळ न्यायालयातही झालेला आहे. २०२५च्या सुरुवातीला इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने, जैन आता अल्पसंख्याक आहेत म्हणून त्यांना हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मागता येणार नाही, असं म्हणत अर्ज फेटाळले. मार्चमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. अल्पसंख्याक म्हणून अधिसूचना निघाल्याने विवाह कायद्यातलं कलम २ पुसलं जात नाही.

आता ‘हिंदू’चा दुसरा अर्थ. राज्यघटनेच्या कलम २५ खालच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन, बौद्ध धरावेत असं आहे, पण ते फक्त त्या कलमाच्या खंड (२)(ख) पुरतं. त्या खंडाचा विषय सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्था सर्वांना खुल्या करणं हा आहे. १९५० साली या ओळीने जैन समाजात बरीच अस्वस्थता होती. शिष्टमंडळ दिल्लीला गेलं, आणि ३१ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान नेहरूंच्या कार्यालयातून लेखी उत्तर आलं की जैन हा वेगळा धार्मिक समाज आहे आणि या तरतुदीने त्यात काही बदल होत नाही.

त्या आधीच आपल्या भागात हा वाद पेटला होता. मुंबई प्रांताच्या १९४७च्या हरिजन मंदिर प्रवेश कायद्यात ‘हिंदू’ म्हणताना जैनही धरले जात होते. भोज परिसरात जन्मलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी त्याविरुद्ध अन्नत्याग केला. अकलूजच्या जैन मंदिराचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १९५१ मध्ये न्यायालयाने ठरवलं की जैन मंदिरात हिंदूंना म्हणून पूजेचा हक्क नसेल, तर या कायद्याने हरिजनांनाही तो नव्याने मिळत नाही. वेगळ्या ओळखीचा तो मोठा निकाल ठरला. पण त्याची दुसरी बाजू झाकून ठेवू नये असं मला ठामपणे वाटतं: स्वतंत्र धर्म म्हणून मिळालेली ही मोठी मान्यता कोणाला तरी दाराबाहेर ठेवण्याच्या वादातून आली. पुढं १९५६च्या मुंबईच्या कायद्यात हिंदू, जैन, शीख, बौद्ध अशी चारही नावं घालून सार्वजनिक प्रार्थनास्थळं सर्व जातींना खुली केली गेली. ते योग्यच झालं.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाची व्याख्या घटनेत नाही. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवायचा विचार घटना समितीने आधी केला होता, मे १९४९ मध्ये तो सोडून दिला. उरलं ते कलम २९ आणि ३०: भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क. अल्पसंख्याक म्हणजे आरक्षण नव्हे, याचं मूळ इथं आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२च्या कायद्याखाली २३ ऑक्टोबर १९९३ रोजी पाच समाज जाहीर झाले: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी. जैन त्यात नव्हते. जैन समाजाचे कार्यकर्ते बाळ पाटील यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, ती २००५ मध्ये फेटाळली गेली. महाराष्ट्रासह काही राज्यांनी मान्यता आधीच दिली होती, केंद्राची अधिसूचना मात्र २७ जानेवारी २०१४ला निघाली.

मग दाखल्यांवर ‘हिंदू जैन’ कसं आलं? आपल्याकडे शाळेत ‘जैन’ हा जातीसारखा लिहिला गेला आणि धर्माच्या जागी सवयीने ‘हिंदू’. खरं तर कोल्हापुरात जैनांची संस्थात्मक ओळख फार जुनी आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ची, दसरा चौकातलं जैन बोर्डिंग १९०१चं, आणि त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंगही उभं आहे. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२च्या आदेशात निम्म्या जागा मागासांसाठी ठेवताना ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास धरले होते. त्यात धर्माची भिंत नव्हती. पारशी बाहेर राहिले ते शिक्षणात पुढं होते म्हणून.

आता मुलीचं. ती अजून ज्युनिअर कॉलेजात आहे तोवरच दुरुस्तीचा अर्ज द्या, शाळा-कॉलेज सुटल्यावर हेच काम कितीतरी अवघड होतं. अर्ज मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या नावे. सोबत जन्मनोंद, तुमचा आणि आजोबांचा दाखला, पालकाचं प्रतिज्ञापत्र. त्यांच्याकडून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी आल्यावर जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या मूळ नोंदवहीत) नोंद बदलते. दाखला त्या रजिस्टरची नक्कल असतो. क्लार्ककडून नुसत्या दाखल्यावर ‘हिंदू’ खोडून आणलंत तर तो कागद पडताळणीत फुकट जातो. आधीच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जुनीच नोंद असेल तर सुरुवात तिथून करावी लागते.

फक्त धर्माची नोंद दुरुस्त करा. ‘चतुर्थ’ हा शब्द जिथं आहे तिथं तसाच राहू द्या. घरात कोणाची जात इतर मागासवर्गाच्या यादीत असेल तर हे फारच जपायचं, कारण तिथं जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचे पुरावे बघतात आणि नव्या-जुन्या कागदांत जातीचं नाव वेगळं दिसलं की हेलपाटे सुरू होतात. आणि गॅझेटमध्ये धर्मबदलाची जाहिरात देऊ नका. तिचा अर्थ होतो, कालपर्यंत हिंदू होतो आणि आजपासून जैन झालो. तुमच्या बाबतीत ते खरंच नाही. तुम्हाला चुकीची नोंद सुधारायची आहे.

प्रवेशाचा फायदा मर्यादित आहे, तो आधीच समजून घ्या. सरकारी कॉलेजात धर्माच्या नावाने जागा नसतात. महाराष्ट्रात ‘जैन अल्पसंख्याक’ दर्जा असलेल्या विनाअनुदानित कॉलेजात किमान ५१ टक्के जागा त्या समाजाच्या, महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. दर्जा समाजागणिक असतो, त्यामुळे मुस्लिम किंवा ख्रिश्चन संस्थेतल्या अल्पसंख्याक जागा तिला मिळणार नाहीत. सामायिक प्रवेशाचा अर्ज भरतानाच धार्मिक अल्पसंख्याक हा दावा नोंदवा आणि विहित नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र व अधिवास प्रमाणपत्र हाताशी ठेवा. नंतर आठवण होऊन उपयोग नसतो. शिरोळकडच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. तुमच्याही घरी ती मातृभाषा असेल तर कन्नड भाषिक अल्पसंख्याक संस्थांची यादीही बघा, तो दावा वेगळा आणि त्याचे पुरावेही वेगळे.

खुल्या वर्गात असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचे १० टक्के तिला लागू होतात, जैन असण्याने त्याला बाधा येत नाही. फक्त अल्पसंख्याक संस्थांत ते १० टक्के नसतात. केंद्रीय संस्थेसाठी ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असलेलं कुटुंब अपात्र ठरतं, तेवढं सातबाऱ्यावर तपासून घ्या.

जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा धर्म विचारल्यावर नुसतं ‘जैन’ सांगा. २०११च्या तक्त्यात हिंदूला १ आणि जैनला ६ असे वेगळे अंक होते. ‘हिंदू जैन’ ऐकल्यावर १ लिहिला गेला, तर त्या घराची मोजणी जैनांत होत नाही.