नवस पप्पांचा, फॉर्म तुझा

प्रिय बाळा, सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. तू तीन वर्षांचा असताना न्यूमोनियाने ॲडमिट होतास, डॉक्टरांनीही आशा सोडलेली, आणि पप्पांनी वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसून नवस केला की पोरगा वाचला तर प्रभूच्या सेवेला देईन. आता बारावी सायन्स झाली, तुला बी.एस्सी. नर्सिंग करायचंय आणि पप्पा म्हणतायत सेमिनरीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजला जा, चर्चचा पाळक हो, ते देवाने तेव्हाच ठरवलंय. आणि शेवटी तू लिहिलंयस, 'सर, आधीच ठरलेलं असेल तर मी निवडायचं काय, आणि नाही म्हटलं तर देव माझ्यावर प्रेम करायचं थांबवेल का?'

करिअरचं नंतर बोलू, आधी हे.

पप्पांच्या डोक्यात बायबलमधल्या हन्नाची गोष्ट असणार. तिने मुलासाठी नवस केला, शमुवेल झाला, दूध सुटल्यावर तिने त्याला एली याजकाकडे मंदिरात नेऊन ठेवला. पण १ शमुवेलचा तिसरा अध्याय नीट वाच. आईने देऊन टाकलेला असूनसुद्धा रात्री देवाने त्या पोराला स्वतः नावाने हाक मारली, आणि एकदा मारून भागलं नाही, तीनदा तो उठून एलीकडेच पळाला, चौथ्यांदा कुठे 'बोल' म्हणाला. नवस आईचा होता, ओ त्याला स्वतःलाच द्यावी लागली. मला तरी पवित्र शास्त्रात यापेक्षा स्पष्ट काही सापडलेलं नाही.

आणि एक गंमत सांगतो, पप्पांना जरा मूड बघून सांग. बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायात नवसाने वाहिलेल्या माणसाचं मोल ठरवून दिलंय, तेवढी चांदी दिली की झालं. महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलग्याला ५ शेकेल (तेव्हाचं चांदीचं वजन), पाच ते वीसला २०. म्हणजे तेव्हाच सोडवला असतास तर स्वस्तात पडला असतास. चेष्टा सोड, पण नवस करून अडकलेल्या माणसाला वाट ठेवणारा देव आहे हा, पठाणी वसुली करणारा नाही.

'आधीच ठरलंय' हा प्रश्न मात्र जुना आहे आणि आपल्या भागात तो जरा जास्तच मुरलाय असं मला वाटतं, कारण मिरजेचं मिशन मुळात प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विन या धर्मसुधारकाच्या परंपरेतलं, आणि त्या परंपरेत कोण तरणार हे देवाने आधीच निवडलंय यावर फार भर. त्याच परंपरेत वाढलेल्या आर्मिनियस या धर्मपंडिताने पुढे उलट प्रश्न विचारले, की मग माणसाच्या निवडीचं काय, तो वाद चारशे वर्षं झाली तरी मिटलेला नाही, तो तू आणि मी एका पत्रात मिटवणार नाही. मी काय धरून चालतो तेवढं सांगतो. मार्कच्या १०व्या अध्यायात तो श्रीमंत माणूस येतो, येशू त्याच्याकडे बघतो, त्याच्यावर प्रीती करतो असं स्पष्ट लिहिलंय, मग अवघड गोष्ट सांगतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला अडवत नाही, मागे पळत नाही, शापही देत नाही. लूक १५ मधल्या उधळ्या पोराच्या गोष्टीतला बापसुद्धा धाकट्याला वाटणी देऊन टाकतो, पोरगा उधळणार हे न कळण्याइतका तो बाप भोळा नसणार. जाऊ देणारी प्रीती आहे ती. मग फक्त भीतीपोटी तू सेमिनरीत जाऊन बसलास तर तिथे तुझं काय होणार आणि पुढे तुझ्या मंडळीचं काय होणार?

पण तुलाही एक टोचतो. मी तुझ्या वयाचा असताना इंजिनिअरिंग सोडलं आणि घरी सांगितलं की देवाची इच्छा नाही, खरं म्हणजे मला गणिताची भीती वाटत होती. देवाचं नाव पुढे केलं की कोणी उलट विचारत नाही ना. त्यामुळे नर्सिंग तुला खरंच हवंय की फक्त सेमिनरी नकोय, हे कागदावर लिहून काढ. हवं असेल तर हॉस्पिटलमधल्या एखाद्या ओळखीच्या ब्रदरबरोबर (पुरुष नर्सबरोबर) वॉर्डात दोन दिवस काढ, बेडपॅन, उलट्या, नाइट ड्यूटी सगळं बघ.

सेवा म्हणजे पुलपिटच, चर्चमध्ये उभं राहून उपदेश करणंच, असं पप्पांना वाटत असेल तर डॉ. वानलेसांचं नाव काढ. मिशनरी म्हणूनच आलेले आणि १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उघडून आयुष्यभर ऑपरेशनं केली. लूक वैद्य होता, पौल तंबू शिवून पोट भरायचा.

आता व्यवहार. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याची सीईटी वेगळी असते, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीला मिळून ओपनला ४५ टक्के लागतात, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. सेमिनरीचं दार बंद होत नाही, ग्रॅज्युएशन करून बी.डी.ला, म्हणजे सेमिनरीतल्या धर्मशास्त्राच्या पदवीला, जाणारे भरपूर असतात, आणि चार वर्षं पेशंटची उशी सरळ केलेला पाळक मला तरी जास्त आवडेल. हाक आलीच तर तेव्हाही ऐकू येईल, शमुवेलला चारदा मारली होती.

पप्पांशी भांडू नकोस रे, त्या रात्री त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. शनिवारी चारनंतर त्यांना घेऊन सांगलीला ये, मी बोलतो. आणि येताना मार्कशीटच्या दोन झेरॉक्स आण, फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवायचा नाहीये.