आयटी कंपनीचा सीईओ नैतिक आणि दूरदृष्टीचा आहे हे जॉइन करण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नात मायक्रोसॉफ्टचे नडेला आणि इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांची नावं घेतली आणि विचारलं की छोट्या शहरातल्या छोट्या कंपनीत असा माणूस भेटतो का. भेटतो. मी 2013 ते 2021 अशा माणसाच्या हाताखाली काम केलंय, इथंच नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कजवळ. कंपनीचं नाव लिहीत नाही, सरांना ते आवडणार नाही.

भाषणं आणि अवॉर्डवरून ओळखायला जाल तर फसाल, हे आधीच सांगतो. सत्यम या आयटी कंपनीला 2008 मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं, म्हणजे चोख कारभाराचं, गोल्डन पीकॉक अवॉर्ड मिळालं आणि 7 जानेवारी 2009 ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेले 5,000 कोटींच्या वरचे पैसे अस्तित्वातच नाहीत. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, भिंतीवरच्या फ्रेमवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला तो कायमचा.

आता माझी गोष्ट. आमची कंपनी जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवायची. कापसाची गाडी भरलेली काट्यावर येते, वजन होतं, खाली करून परत येते, रिकामं वजन होतं, वजाबाकी होऊन शेतकऱ्याला पावती मिळते. साधं काम आहे, पण त्या पावतीवर माणसाचं वर्षभराचं उत्पन्न असतं.

मी लागलो त्याच वर्षी सरांनी एक नियम केला. काट्याच्या इंडिकेटरवरून (वजन दाखवणारा डबा) वायरनं कॉम्प्युटरमध्ये येणारा आकडा जसाच्या तसा, तारीख-वेळेसकट, डेटाबेसच्या वेगळ्या टेबलात पडला पाहिजे आणि त्या टेबलाला एडिट, डिलीट काही नाही. गिऱ्हाइकालाही नाही, आपल्यालाही नाही. कोणी मागितलं नव्हतं ते. जुन्या कॉम्प्युटरवर सिस्टिम हळू चालायची, रोज फोन यायचे, एका जिनिंगवाल्यानं तर सरळ सांगितलं की हे काढा नाहीतर पैसे देत नाही. आम्ही पोरं पण वैतागलो होतो, काहून ठेवायचं हे ओझं? सर एवढंच म्हणायचे, "एक दिवस आपणच चुकू, तेव्हा कुठं पाहशील?"

2018 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही चुकलो. आम्ही म्हणजे मी. एका गिऱ्हाइकाला वजनं दहाच्या पटीत पाहिजे होती, म्हणून सेटिंग बनवलं होतं, भरलेलं वजन खाली ओढायचं, रिकामं वर. हे असं सेटिंग बनवणंच चूक होतं, ते आज कळतं. नवीन व्हर्जनमध्ये ते सगळ्यांसाठी डिफॉल्ट चालू राहिलं आणि टेस्टिंगची सही माझी होती. काटा 5 किलोच्या टप्प्यानं दाखवतो, म्हणजे बाहेरच्या लाल डिस्प्लेवर 3,245 आणि रिकामी 1,715 असेल तर कापूस झाला 1,530 किलो, पावतीवर मात्र 3,240 आणि 1,720, म्हणजे 1,520. दहा किलो गायब. प्रत्येक गाडीला दहा नाही जात, कधी पाच, कधी काहीच नाही, पण सरासरी पाच धरा. त्या सीझनला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,450 होता, म्हणजे गाडीमागे पावणेतीनशे रुपये शेतकऱ्याच्या खिशातून. वजनं-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचं सील काट्याला असतं आणि काटा बरोबरच होता, गडबड कॉम्प्युटरमध्ये होती.

पकडलं एका शेतकऱ्यानं. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर मी प्रिंटरच्या तक्रारीसाठी गेलो होतो, तिथं पन्नाशीचे एक काका मोबाईल घेऊन काट्याच्या खिडकीशी उभे, दोन्ही वेळेस लाल डिस्प्लेचा फोटो काढला होता त्यांनी. काटेवाला म्हणून राहिला होता, "दहा किलोसाठी काय भांडता बाप्पा, मागं लाईन लागली आहे." मी फोटो पाहिला, पावती पाहिली आणि पोटात गोळा आला.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. कोणी केलं हे त्यांनी विचारलं नाही, किती गाड्या हे विचारलं. त्या रात्री आम्ही तिघं दोन वाजेपर्यंत बसलो आणि ते न पुसता येणारं टेबल उघडलं. सहा जिनिंग, अकरा दिवस, 2,614 गाड्या, 131 क्विंटल. हमीभावानं सात लाख चौदा हजार. शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, किती किलो कमी लागलं, सगळं निघालं. ते टेबल नसतं तर आम्हाला नुसतं "सॉरी" म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सहाही मालकांना स्वतः फोन केला. जास्तीचा कापूस तुमच्याकडं पडला आहे, यादी पाठवतो, शेतकऱ्यांचे पैसे देऊन टाका, नाही दिले तर मी देईन आणि का देतोय ते पण त्यांना सांगीन. चौघांनी दिले. दोघं भडकले, आमची बदनामी करता म्हणे, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) तोडली. नेमके तेच दोन सगळ्यात मोठे. त्यांच्याकडच्या शेतकऱ्यांचे तीन लाखांच्या आसपास सरांनी भरले आणि प्रत्येकाला मेसेज गेला, चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती म्हणून. जानेवारी-फेब्रुवारीचे आमचे पगार वीस-वीस दिवस उशिरा झाले. उशीर होणार हे सरांनी डिसेंबरमध्येच सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, शिपायापासून.

आता इथं माझे भाऊजी येतात. ताईचे मिस्टर, कळमन्याला धान्याची आडत आहे. गेली कित्येक वर्षं प्रत्येक दिवाळीला तेच, "सात लाखांपायी दोन मोठे गिऱ्हाईक घालवले त्याला दूरदृष्टी म्हणत नाही, त्याला डोळेच नाहीत म्हणतात. पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप नीट केलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?"

भाऊजी, ऐकाच. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलनं हेच करून पाहिलं होतं. 1994 मध्ये पेंटियम चिपचा भागाकार काही आकड्यांना चुकायचा, कंपनीला ते आतल्या आत कळलं होतं, बोलले नाहीत. मग थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला सापडलं आणि बोंब झाली, तर म्हणे साध्या वापरात अशी चूक 27,000 वर्षांतून एकदा होईल, ज्याला खरंच गरज आहे त्यानं ते पटवून द्यावं, मग चिप बदलू. "दहा किलोसाठी काय भांडता" आणि हे, फरक काय? आयबीएमनं ती चिप असलेल्या मशिन पाठवणं थांबवलं तेव्हा डिसेंबरमध्ये इंटेलचे सीईओ अँडी ग्रोव्ह वाकले, मागेल त्याला फुकट बदलून दिली, हिशोब झाला 47.5 कोटी डॉलरचा. गुपचूप स्वस्त पडतं हे कोणी सांगितलं तुम्हाला? आणि नडेलांचं म्हणाल तर मला त्यांचं क्लाऊड-बिऊड काही वाटत नाही, मला त्यांचं ऑक्टोबर 2014 मोठं वाटतं. बायकांनी पगारवाढ मागण्यापेक्षा सिस्टिमवर विश्वास ठेवावा असं स्टेजवर बोलले आणि त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना लिहिलं की माझं उत्तर पूर्ण चुकलं. त्याच दिवशी, वकिलाला विचारून महिन्याभरानं नाही.

माझ्या लेखी दूरदृष्टी ही एवढीच, उद्या आपली चूक सापडेल अशी सोय आज करून ठेवणं. पाच वर्षांनी एआय काय करेल हे आजकाल कोणीही सांगतं.

भाऊजींचं एक खरं आहे, मी पण 2021 ला सोडलीच ती कंपनी. घराचे हप्ते होते, मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळचा सेझ) कंपनीतून दीडपट पगाराची ऑफर आली, गेलो. सर चुकले म्हणून नाही गेलो. कंपनी आज खामल्यात दोन खोल्यांत आहे, अकरा माणसं. सर देव पण नाहीत, इन्क्रिमेंटला फार चिकट, रात्री अकराला फोन करायचे, आणि कोणी नोकरी सोडतो म्हटलं की महिनाभर धड बोलायचे नाहीत, माझ्याशी पण नाही बोलले.

जॉइन करण्याआधी ओळखायचं तर एचआरला विचारू नका. तिथल्या सपोर्टवाल्या पोराला खाली टपरीवर तर्री पोह्याला घेऊन जा आणि विचारा की मागची मोठी चूक झाली तेव्हा गिऱ्हाइकाला फोन कोणी केला होता. मालकानं केला असेल तर जा. "आमच्याकडं चुका होत नाहीत" म्हणाला तर नका जाऊ. प्रत्येक कंपनीत हे विचारता येईलच असं नाही, मोठ्या कंपनीत सीईओ तुम्हाला दिसणारही नाही, तिथं माझा काही अनुभव नाही चालणार. आणि अशा माणसाकडं जाणार असाल तर दोन-तीन महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवा, पगार उशिरा होऊ शकतो.