समांतरभुज चौकोनाचे दोन अर्धे तंतोतंत सारखे, तरी कर्ण हा सममितीचा अक्ष का नाही?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: सातवीतल्या लेकीने समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्ण काढून 'हे सममितीचे अक्ष' असं लिहिलं, ते चूक ठरलं आणि बाजूला शेरा आला, 'घूर्णन सममिती आहे, परावर्तन सममिती नाही' (म्हणजे आकृती फिरवून जुळते, आरशासारखी पालथी करून जुळत नाही). कर्णावर कापलं तर दोन्ही त्रिकोण एकमेकांवर बरोब्बर बसतात, मग असं कसं?

मी याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आणि हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणाऱ्या मुलीने आकृती नीट पाहिलेली असते. तिचं निरीक्षण खरंच आहे, ते दोन त्रिकोण एकरूप आहेत. पण ते एकरूप आहेत ते अर्ध्या फेरीमुळे, आरशामुळे नव्हे.

हे बोलून पटत नाही, हाताने करून पटतं. साध्या कागदावर ६ सेंमी आणि ४ सेंमी बाजूंचा, एक कोन ६० अंशांचा असा समांतरभुज चौकोन काढून कापा. लांब कर्णावर घडी घाला आणि ६० अंशांच्या कोपऱ्याकडे लक्ष द्या. कर्णाने त्या कोनाचे सारखे भाग केलेले नाहीत. ६ सेंमीच्या बाजूकडे साधारण २३ अंश आहेत, ४ सेंमीच्या बाजूकडे ३७. त्यामुळे घडी घातली की ४ सेंमीची बाजू ६ सेंमीच्या बाजूवर न बसता बाहेर डोकावते. अक्ष म्हणायचं तर घडी घातल्यावर काठावर काठ यायला हवा, तो इथे येत नाही.

आता त्याच कर्णावर कात्री चालवा. सुटे झालेले त्रिकोण लेकीला एकमेकांवर ठेवायला सांगा आणि तिचे हात बघा. ती वरचा त्रिकोण पालथा करणार नाही. टेबलावरच अर्धा फिरवेल आणि तो बसेल. पालथा करून बसवायला सांगा, बसणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

एवढंच नाही. कर्ण जिथे छेदतात त्या बिंदूतून कोणतीही रेघ मारा, कितीही तिरकी. त्या रेघेवर कापलेले दोन तुकडे एकरूपच निघतात, कारण त्या बिंदूभोवती १८० अंशांत फिरवलं की एक तुकडा दुसऱ्याच्या जागी जातो. म्हणजे 'दोन सारखे भाग करणारी रेघ म्हणजे अक्ष' ही व्याख्या धरली तर समांतरभुज चौकोनाला अगणित अक्ष म्हणावे लागतील! बऱ्याच मुलांच्या डोक्यात हीच व्याख्या बसलेली असते. ती बदलून 'घडी घातली की जुळते ती रेघ' एवढीच ठेवा. आयताच्या कर्णाचा घोळही त्याने सुटतो, तिथेही अगदी हेच होतं.

मग कर्ण नाही तर दुसरी एखादी रेघ अक्ष असेल का? एकेक रेघ तपासत बसायची गरज नाही. ट्रेसिंग पेपरवर आकृती गिरवून घ्या, मूळ आकृतीवर ठेवा आणि कर्णांच्या छेदनबिंदूवर टाचणी टोचा. कागद फिरवत गेलात की १८० अंशांवर जुळतो आणि ३६० वर परत मूळ जागी येतो. पूर्ण फेरीत दोनदा, म्हणून घूर्णन सममितीची ऑर्डर २. (३६० अंशांवर तर जगातली प्रत्येक आकृती जुळते, म्हणून ऑर्डर १ आली की घूर्णन सममिती नाही असंच म्हणतात.) आता टाचणी काढा, ट्रेसिंग पेपर पालथा करा आणि जुळवून पाहा. उजवीकडे कललेली आकृती आता डावीकडे कललेली आहे. कशीही सरकवा, कितीही फिरवा, कलणं बदलत नाही. कोणत्याही रेघेवरचं परावर्तन म्हणजे कागद पालथा करणंच असल्यामुळे या एका खटपटीत सगळ्या रेघा बाद झाल्या.

माझ्या मते या धड्यात मुलांना सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. घूर्णनात कागद सुलटाच राहतो, परावर्तनात तो पालथा होतो.

समांतरभुज चौकोनाच्या चारही बाजू सारख्या केल्या, म्हणजे समभुज चौकोन झाला, की कर्ण कोपऱ्यातल्या कोनाचे बरोबर दोन भाग करतो आणि मग दोन्ही कर्ण खरोखर अक्ष होतात. बाजू तशाच ठेवून कोन काटकोन केले तर आयत होतो, त्यात कर्ण नाही पण समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या दोन रेघा अक्ष होतात. दोन्ही अटी एकदम पाळल्या की चौरस, त्याला चारही अक्ष मिळतात आणि ऑर्डर ४.

या दोन सममिती वेगळ्या आहेत हे दाखवायला मी मुलांना फुलं आणायला सांगते. गोकर्णाच्या फुलाला मधोमध एकच उभा अक्ष असतो, फिरवून ते मुळीच जुळत नाही. पांढऱ्या चाफ्याचं उलट. पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडचीच्या खाली, सगळ्या एकाच दिशेने. ७२ अंश फिरवलं की फूल जुळतं, पण आरशात पाहिलं तर पाकळ्यांचा पीळ उलटा दिसतो. दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिकही त्याच जातीचं, ९० अंशांवर जुळणारं आणि अक्ष एकही नसलेलं. आरशातल्या स्वस्तिकाची टोकं दुसऱ्या बाजूला वळलेली असतात, हे मुलांना लगेच दिसतं.

म्हणजे फिरून जुळणाऱ्या आकृतीला अक्ष असेलच असं नाही. पण दोन अक्ष असले तर फिरून जुळणं टळत नाही. कागद एकदा एका अक्षावर पालथा केला, मग दुसऱ्या अक्षावर पुन्हा पालथा केला, तर तो सुलटा झाला, आणि दोन्ही वेळा आकृती जुळलेलीच होती. सुलटा आहे आणि जुळलेला आहे, म्हणजे तो नुसता फिरलाय. किती फिरला? दोन अक्षांमधल्या कोनाच्या दुप्पट. चौरसाचे शेजारचे अक्ष ४५ अंशांवर, म्हणून तो ९० अंशांत जुळतो. समभुज त्रिकोणाचे ६० वर, म्हणून १२०. अशोकचक्राला २४ आरे, अक्षही २४, शेजारच्या दोघांत साडेसात अंश आणि म्हणून १५ अंश फिरवलं की चक्र जुळतं. हा हिशोब मुलं स्वतः करतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सातवीत हे विचारत नाहीत, पण ट्रेसिंग पेपर हातात आहेच तर जरूर करून घ्या.

घरी पत्त्यांचा जोड असेल तर चौकटची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं तिला द्या. नेहमीच्या जोडात यातलं एक सोडून बाकी सगळी पानं अर्ध्या फेरीत जुळतात, आणि अक्ष एकालाही नाही, कारण आकडे समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात. न जुळणारं पान सत्ती. तिच्यात मधल्या रांगेतली चौकट एकटीच वर आहे, खाली तिला जोडीदार नाही. मग तीच दहा पानं बदामची द्या. आता बदामाचं टोक वर की खाली हे बघावं लागतं, आणि जुळणारी पानं फक्त तीन उरतात, दुर्री, चौकी आणि दश्शी. छक्की का बाद झाली हे तिला शोधू द्या.