प्रश्न: महिनाभर इंग्लंडला येतोय. लंडनबाहेरचं एखादं छोटं खेडं बघायचंय. बिबरी कसं आहे? गाडीशिवाय जमेल का?

बिबरीला जा की, कोण अडवतंय. ती जुनी दगडी घरांची ओळ बघायची, लोकांच्या डोक्यांवरून फोटो काढायचा आणि परत फिरायचं. मला विचाराल तर स्टोक रोला जा. ऑक्सफर्डशायरमध्ये, हेन्लीच्या पश्चिमेला.

आमचे बाबा आले होते तेव्हा ताई-दाजीही सोबत होते. दाजींना बिबरीच हवं होतं. मी गाडी स्टोक रोला घातली. साधं, शांत गाव, आणि रस्त्याच्या कडेला एकदम घुमट! खाली लोखंडी खांब, मधे रहाट, रहाटावर सोनेरी हत्ती. ही काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांची विहीर. एडवर्ड रीड नावाचा इकडचाच माणूस तिकडे मोठा अधिकारी होता. आमच्या भागात पाण्याचे असे हाल, की घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईचा मार बसला, असं त्याने महाराजांना सांगितलं होतं म्हणतात. ते त्यांच्या लक्षात राहिलं. 1863 मध्ये खणायला घेतली, 1864 मध्ये लोकांसाठी खुली झाली. डोंगर खडूचा, पडलेला पाऊस थेट खाली झिरपतो, म्हणून खोली 368 फूट. सगळी हाताने खणलेली.

बाबा माणदेशातले. फुटांचे परस (परस म्हणजे पुरुषभर खोली) करत म्हणाले, "साठ परसांच्या वर गेली की रं." मग रुंदी वाचली, चार फूट. दोन्ही हात पसरून अंदाज घेतला, कोपरं दुमडली आणि हवेतच पहार मारून बघितली. "हितं माणूस वळला कसा आसंल?" पुढची दहा मिनिटं ते बोललेच नाहीत.

आणि दाजी! "लुटलेल्यांनी लुटणाऱ्यांना पाणी पाजलं, त्याचं कौतुक काय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सांगतो: दाजी, लुटीचा माल या गावात पोचला असता तर पोरं तळ्यातलं गढूळ पाणी प्यायली नसती. शिवाय महाराज नुसते पैसे देऊन मोकळे झाले नाहीत. शेजारी चेरीची बाग लावली, फळांच्या पैशातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून. आपल्याकडच्या किती पाणी योजनांना एवढं सुचतं?

हां, तुमचं गाडीचं राहिलंच. गाडीशिवाय कटकट आहे. हेन्लीपर्यंत ट्रेन, पुढे टॅक्सी करा. बसच्या भरवशावर राहू नका. आत वाकून पाणी दिसेल अशी आशा नको. लहान मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. दाजी पाच मिनिटांत कंटाळले.

पुढच्या रविवारी त्यांना बिबरीला नेलं. पार्किंगच मिळालं नाही.