टवका उडाला, पिल्लू मात्र आतच

प्रश्न : इन्क्युबेटरमध्ये बदकाची अंडी ठेवून 27 दिवस झाले. काल एका अंड्याच्या बोथट टोकाकडे टवका उडाला. आतून चिवचिव ऐकू येते, पण 26 तास उलटले तरी भेग पुढे सरकत नाही. कोंबडीची पिल्लं याहून लवकर निघाली होती. कवच सोलून पिल्लू बाहेर काढू का?

उत्तर : नाही, झाकणही उघडू नका. कोंबडीचा हिशेब बदकाला लागत नाही. पहिल्या टवक्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत 24 ते 48 तास सहज जातात आणि त्यातला बराचसा वेळ बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र काम चालू असतं. इतके दिवस पिल्लाला हवा मिळत होती ती कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधून. आता फुप्फुसं ते काम हाती घेतात, त्या वाहिन्यांतलं रक्त अंगात परततं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. या काळात भोकातून पाहिलं तर पिल्लू काहीतरी चघळल्यासारखी चोच हलवताना दिसेल. बलक आत जायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी सोललेल्या अंड्यातून रक्त येतं, नाहीतर पिल्लू लोंबत्या बलकासकट बाहेर येतं. दोन्हींत ते वाचणं कठीण.

हात घालायची वेळ दोनदाच येते : 48 तास झाले आणि भेग तिथेच आहे, किंवा भोकाच्या कडेचा पांढरा पापुद्रा पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा कोरडा झाला आहे. तेव्हा हात धुऊन, उबदार खोलीत, भोकापासून सुरुवात करून चिमट्याने कवचाचा एकेक कण उचला. हे फक्त हवेच्या पोकळीवरच्या, म्हणजे बोथट टोकाकडे आत जी रिकामी जागा असते तिच्यावरच्या भागात करायचं. पापुद्रा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ओला करा. चोचीच्या बुडाशी नाकपुड्या असतात, तिथे पाणी जाऊ देऊ नका. ओला झाला की पापुद्रा थोडा पारदर्शक होतो. लाल रेषा दिसल्या की थांबा, अंडं परत यंत्रात ठेवा आणि 4 ते 6 तासांनी पुन्हा बघा. रेषा नसतील तर वरची टोपी तेवढी काढा. खालच्या अर्ध्या कवचातून पिल्लू आपणच पाय मारून निघतं, त्याला ओढू नका.

प्रश्न : शेवटच्या दिवसांत टॉर्च लावल्यावर नक्की काय दिसायला हवं? मला फक्त काळोख दिसतो.

उत्तर : काळोख दिसणं बरोबरच आहे, पिल्लाने जागा भरली आहे. बघायची ती बोथट टोकाची हवेची पोकळी. 25व्या दिवशी तिने अंड्याचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा. वजनाने ताडून पाहता येतं : ठेवताना 80 ग्रॅमचं असलेलं अंडं आता 70 ग्रॅमच्या आसपास हवं, म्हणजे 13 टक्क्यांच्या जवळपास घट. त्यानंतर पोकळीची कड एका बाजूने खाली झुकते. शिसपेन्सिलने ती कड आखून ठेवा आणि झुकलेली बाजू वर येईल असं अंडं आडवं ठेवा, कारण चोच बहुधा तिथूनच येते. मग कड थरथरते आणि एक दिवस उजळ भागात टोकदार सावली हलताना दिसते. पिल्लाने आतला पापुद्रा फोडून पोकळीतली हवा घ्यायला सुरुवात केली आहे. इथून बाहेरचा टवका उडायला साधारण 24 तास, कधी थोडे जास्त. 36 तासांनंतरही बाहेर काही दिसलं नाही, तर पोकळीच्या अगदी माथ्यावर निर्जंतुक सुई फिरवत 1-2 मिलिमीटरचं छिद्र पाडा. सुई फक्त कवचातून जावी, पापुद्र्याच्या दिशेने खोल जाऊ नये.

टॉर्चची ही पाहणी टवका उडेपर्यंतच. नंतर काचेतून बघायचं.

प्रश्न : आर्द्रता कितीवर ठेवायची? पाणी शिंपडलं तर चालेल?

उत्तर : पंख्याच्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस तापमान आणि 25व्या दिवसापर्यंत साधारण 55 टक्के आर्द्रता. त्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा आणि आर्द्रता 70 वर न्या. टवके उडाले की 75 ते 80. शिंपडायचं म्हणजे झाकण उघडणं आलं. दमट हवा क्षणात निघून जाते, पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो आणि त्याला अंग वळवता येत नाही. त्यापेक्षा पाण्याचा पृष्ठभाग वाढवा : पसरट भांडं ठेवा किंवा कोमट पाण्यात भिजवलेला स्पंज. खोल भांड्यात कितीही पाणी ओतलं तरी फरक पडत नाही. उलट चूकही होते. सुरुवातीपासूनच दमटपणा फार असला तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्याने फुगतं आणि उरलेल्या द्रवात गुदमरतं. हवेची भोकं मात्र कधीच बुजवू नका. शेवटी सगळ्यात जास्त प्राणवायू लागतो.

प्रश्न : एका अंड्याचा टवका निमुळत्या टोकाला उडाला आहे.

उत्तर : डोकं उलट्या बाजूला आहे. तिथे हवेची पोकळी नसते, त्यामुळे पिल्लाला श्वासाचा टप्पा न मिळताच थेट कवच फोडावं लागतं. भोक वरच्या बाजूला येईल असं अंडं ठेवा, शेजारचं पिल्लू त्यावर लोळून ते बुजवणार नाही हे पाहा. बरीच अशी पिल्लं आपणहून निघतात, पण कवच गोल कापण्याइतकी वळायला त्यांना जागा कमी पडते. म्हणून मदतीची गरज याच अंड्यांना जास्त लागते. वर सांगितलेला लाल रेषांचा नियम इथे आणखी कडक पाळा.

प्रश्न : 30वा दिवस उजाडला, एकाही अंड्याला टवका नाही. टाकून देऊ?

उत्तर : आधी जात सांगा. मस्कोव्ही असेल तर 35 दिवस लागतात, तिची अंडी फिरवणंच 31-32व्या दिवशी थांबवायचं असतं. इतर बदकांची असतील तर टॉर्च लावा : पोकळीत सावली हलत असेल तर यंत्र थोडं थंड चाललं असावं, दोन दिवस वाट बघा. हालचाल नाही, कानाला लावल्यावर टकटक नाही आणि वास येतो, असं अंडं लगेच बाहेर काढा. ते आत फुटलं तर बाकीची अंडीही घाण होतात.